थांबवता येणारा खेळ

एखादा नवा गेम घ्यावा की नाही हे ठरवताना बहुतेक जण त्यातील चित्रांचा दर्जा पाहतात, कथा कशी आहे ते विचारतात आणि किंमत तर सगळेच पाहतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. हा गेम मध्येच थांबवता येतो का, आणि थांबवून उठलो तर परत येईपर्यंत तो माझी जागा राखून ठेवतो का? गेमची परीक्षणे लिहिणाऱ्यांना ही बाब इतकी क्षुल्लक वाटते की तिचा उल्लेखही क्वचितच सापडतो. परंतु ज्याला नोकरी आहे आणि ज्याच्या घरात त्याच्याखेरीज इतरही माणसे राहतात, त्याच्या दृष्टीने बाकीचे सगळे गुण या एका उत्तरानंतर येतात.

मी फोंडा तालुक्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज पणजीला जातो. घर जुने आहे, मागे कुळागर, म्हणजे नारळ-पोफळींची बाग आहे, घरात आई, बाबा आणि ऐंशी ओलांडलेली आजी आहे. अशा घरात सलग दोन तास कोणाच्याच मालकीचे नसतात. संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजला की पावांसाठी फाटकापर्यंत धावावे लागते, कारण तो कोणासाठी खोळंबून राहत नाही. रविवारी सकाळी पाडेली न सांगता उगवतो आणि तो माडावर चढला की खाली नारळ गोळा करायला कोणीतरी हवे असते. त्याला 'आज नको, उद्या ये' असे म्हणण्याची आमच्या वाड्यावर कोणाची छाती नाही, कारण तो उद्या येणार नसतो आणि कदाचित पुढच्या महिन्यातही येणार नसतो. आजीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे असतात, तेही घड्याळ पाहून. यांतले काहीही टाळण्यासारखे नाही आणि टाळावे असे मला वाटतही नाही. गेम या सगळ्याच्या फटींत बसवायचा असतो. म्हणून ज्या गेमला खेळणाऱ्याने उठून जाणेच मान्य नाही, तो कितीही थोर असला तरी संसारी माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही, असे माझे मत आहे.

खेळ थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तोच खेळातला खरा मालक, हे मला फार लहान वयात कळले. बाबांनी आणलेला व्हिडिओ गेमचा सेट हा निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होता. असे सेट तेव्हा आपल्याकडे पुष्कळ घरांत होते. कॅसेटवर नऊचे आकडे एकापुढे एक छापलेले असायचे आणि आत प्रत्यक्षात बोटांवर मोजता येतील इतकेच गेम निघायचे. मूळ फॅमिकॉमच्या दोन रिमोटांपैकी पहिल्यावरच 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणे होती. दुसऱ्यावर त्यांच्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन बसवलेला असे. नक्कल करणाऱ्यांनी आमच्या सेटमधला मायक्रोफोन काढून टाकला आणि बटणेही दिली नाहीत. पहिला रिमोट अर्थातच ताईच्या हातात असायचा. कॉन्ट्रा खेळताना मी एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडी घेतली की माणूस हवेत असतानाच ती शांतपणे स्टार्ट दाबायची, पाणी पिऊन यायची, माझ्याकडे पाहायची आणि मला न सांगता पुन्हा दाबायची. तोपर्यंत माझी बोटे सैल पडलेली असत आणि माणूस खाली गेलेला असे. 'ताई, सांगून तरी दाब ना!' ही माझी त्या काळातली कायमची तक्रार होती आणि आईने तिची दखल कधीही घेतली नाही.

त्याच सेटवरच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये, म्हणजे १९८५ सालच्या मूळ गेममध्ये, एकूण बत्तीस टप्पे होते आणि झालेली प्रगती साठवण्याची कोणतीही सोय नव्हती. जेवायला हाक आली की स्टार्ट दाबायचे, टीव्ही बंद करायचा आणि सेट तसाच चालू ठेवायचा, एवढाच उपाय हाती होता. रात्री झोपतानाही आम्ही तो चालू ठेवत असू. सकाळपर्यंत अडॅप्टर इतका तापलेला असे की त्यावर तळहात ठेवता येत नसे. पावसाळ्यात हा उपाय बहुधा फसायचा, कारण कुठेतरी तारेवर फांदी पडायची, लाईट जायची आणि सातव्या जगापर्यंत पोहोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या विटेखाली येऊन उभा राहायचा. वास्तविक निंटेंडोने 'द लीजेंड ऑफ झेल्डा'च्या १९८७ सालच्या अमेरिकी कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी बसवून प्रगती साठवण्याची सोय केली होती. आमच्या नक्कल सेटपर्यंत ती कधी आलीच नाही. कॉन्ट्राच्या बाबतीत निदान वर, वर, खाली, खाली या क्रमाने सुरू होणारा आणि तीस जीव देणारा तो प्रसिद्ध संकेत तरी होता. हा संकेत मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरने १९८६ साली ग्रेडियस या गेमसाठी घातला होता, कारण स्वतःचाच गेम तपासून पाहताना तो त्याला फार अवघड जात होता. गेम बनवणाऱ्यालाही सवलत लागते, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते.

संगणकावरच्या गेमांनी ही अडचण बरीच दूर केली. जॉर्डन मेकनरच्या १९८९ सालच्या प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये राजकन्येला सोडवण्यासाठी साठच मिनिटे मिळतात आणि गेम वेळेच्या बाबतीत निष्ठुर आहे, परंतु एस्केपची कळ दाबली की ती मिनिटेही थांबतात. नियम कडक असावेत आणि तरीही खेळणाऱ्याला उठता यावे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचे इतके जुने आणि इतके चांगले उदाहरण दुसरे नसावे. पुढे २००२ साली आलेल्या जीटीए व्हाइस सिटीमध्ये गेम कुठेही थांबवता यायचा, पण सेव्ह करायचा तर आपल्या ठिकाणावर परतून गुलाबी कॅसेटच्या खुणेपर्यंत चालत जावे लागायचे. रेसिडेंट ईव्हिलने १९९६ सालीच याहून कडवट युक्ती केली होती. तिथे सेव्ह करण्यासाठी टाइपरायटर शोधावा लागे आणि त्याच्या शाईच्या रिबिनीही मोजक्याच मिळत. सेव्ह करणेच महाग केले की माणूस घाबरून खेळतो, हे त्या गेमकर्त्यांनी अचूक ओळखले होते. भीतीच्या गेममध्ये मी हे खपवून घेतो, इतरत्र नाही.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटतात ते पाळीपाळीने खेळायचे गेम. सिड मायरच्या सिव्हिलायझेशनमध्ये, १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आजपर्यंत, तुम्ही तुमची पाळी संपवल्याशिवाय जग एक पाऊलही पुढे सरकत नाही. हातातले काम टाकून पाडेल्याच्या मागे गेलात तरी रोमन सैन्य वेशीवर तसेच उभे राहते. बाल्डर्स गेटने १९९८ साली यातून मधला मार्ग काढला. लढाई चालू असताना स्पेसबार दाबला की सगळे गोठते, आपण आपल्या सहाही माणसांना शांतपणे आज्ञा द्यायच्या आणि पुन्हा स्पेसबार दाबायचा. तिथे थांबणे हीच खेळी असते.

बुद्धिबळातही एके काळी अशी सोय होती. डाव लांबला की तो दुसऱ्या दिवसावर टाकला जाई. ज्याची पाळी असे तो आपली पुढची चाल पटावर न करता कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी आणि लिफाफा पंचांच्या ताब्यात राही, म्हणजे रात्रभर विचार करण्याचा लाभ एकालाच मिळत नसे. १९७२ साली रेक्याविकमध्ये झालेल्या फिशर आणि स्पास्की यांच्या लढतीचा शेवटचा डाव असाच तहकूब झाला होता आणि दुसऱ्या दिवशी पटावर येण्याऐवजी स्पास्कीने फोनवरूनच हार कळवली. पुढे संगणक इतके बलवान झाले की रात्रीतून यंत्राकडून उत्तर काढणे शक्य झाले आणि नव्वदच्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली. २०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, तेव्हा डाव सुरू झाल्यावर तो त्याच बैठकीत संपत होता. बंद लिफाफ्याची ती पद्धत मला आजही मनापासून आवडते. थांबायला मिळावे, पण थांबण्याचा गैरफायदा कोणी घेऊ नये, याचा इतका नीटस तोडगा व्हिडिओ गेमवाल्यांना अद्याप सापडलेला नाही.

आता फोनवरच्या गेमांविषयी. ताई लग्नानंतर डिचोलीला असते आणि तिचा मुलगा सध्या नववीत आहे. सुट्टीत तो आजोळी येतो तेव्हा त्याच्या हातात बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा गेम असतो. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ साली तोच गेम या नावाने परतला, २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून पुन्हा काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. भाच्याच्या पिढीला हा इतिहास आपल्याकडच्या निवडणुकांपेक्षा अधिक पाठ आहे. गेल्या मे महिन्यात ताई आणि त्याच्यातला संवाद असा झाला.

'ताट वाढलंय. थांबव ते आणि ये.'

'आई, ते थांबत नाही.'

'थांबत नाही म्हणजे काय? आम्हीसुद्धा खेळायचो. सगळे गेम थांबतात.'

'हा नाही थांबत. विचार मामाला.'

मामाची पंचाईत झाली, कारण दोघांचेही खरे होते. शंभर खेळाडू एकाच बेटावर उतरलेले असताना त्यांतल्या एकाच्या आमटीसाठी उरलेल्या नव्व्याण्णवांना ताटकळत ठेवता येत नाही, ही यंत्राची नव्हे तर माणसांची अडचण आहे. भाचा उठला तर त्याचे पात्र रानात नुसते उभे राहणार, कोणीतरी येऊन ते मारणार आणि त्याच्या गटातले तिघे त्याला पळपुटा म्हणणार. दुसरीकडे, गरम जेवण वाढून बसलेल्या माणसाला 'ते थांबत नाही' हे उत्तर देणे हाही उद्धटपणाच आहे. शेवटी असे ठरले की जेवणाची वेळ अर्धा तास आधी सांगायची आणि ती सांगितल्यावर नव्या मॅचसाठी लॉबीत शिरायचे नाही, कारण एक पूर्ण मॅच साधारण तेवढ्या वेळात संपते. हा तह सुट्टीभर टिकला. मुलांच्या हातातून फोन हिसकावणाऱ्या पालकांना मी एवढेच सुचवीन की गेमच्या एका फेरीला किती वेळ लागतो हे आधी विचारून घ्यावे. क्रिकेटच्या षटकाच्या मध्यात कोणी मुलाला मैदानातून ओढून आणत नाही, तेवढीच समज इथेही पुरते.

परंतु ज्या गेमांत दुसरे कोणी ताटकळत नसते आणि तरीही तुम्हाला उठू दिले जात नाही, त्यांच्याविषयी मला अजिबात आस्था नाही. याचा पाया २००९ साली आलेल्या फार्मव्हिलने घातला. त्यात स्ट्रॉबेरी लावली की ती चार तासांत तयार होई, पण वेळेवर काढली नाही तर वाळून जाई. हे तास तुमच्याच घड्याळातले असत, तुम्ही खेळत असा वा नसा. लोक कचेरीतल्या कामाच्या मध्ये आणि रात्री उठूनसुद्धा कल्पित स्ट्रॉबेरी काढत होते. २०२० च्या अखेरीस तो मूळ गेम बंद पडला, मात्र त्याची शिकवण फोनवरच्या असंख्य गेमांनी उचलली आहे. रोज हजेरी लावा, सलग आठवडाभर लावा, एक दिवस चुकला की पहिल्यापासून मोजा. गेमला खेळणाऱ्याची इतकी ओढ असण्याचे कारण सरळ आहे. आलेला माणूस काहीतरी विकत घेण्याची शक्यता असते, न आलेला काहीच घेत नाही. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमांत हीच ओढ जीवघेणी होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे गेम बंद केले, ते मला योग्यच वाटले. त्या कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीचे गेम वेगळे काढले, हेही बरे झाले, कारण आमच्याकडे अनेकांच्या मनात हा भेद नसतो. पणजीत मांडवीच्या काठाने जाताना कॅसिनोंची जहाजे समोरच दिसतात आणि मी गेम खेळतो असे कळल्यावर कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन, कर्ज तर झालेले नाही ना, अशी काळजीने चौकशी केली होती.

थांबण्याचा हा विचार गेमपुरताच आहे असे नाही. करमणुकीच्या प्रत्येक प्रकाराची याबाबतीत आपली एक रीत असते आणि गोव्यात वाढलेल्या माणसाला या सगळ्या रीती जवळून पाहायला मिळतात. पेडण्याच्या बाजूला जत्रेत दशावतारी नाटक रात्री उशिरा सुरू होते, आधी आडदशावतार होतो, त्यात संकासुर येऊन लोकांना हसवतो, मग आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात आणि पखवाज त्यांना पुढे रेटतो. हा खेळ कोणासाठीही थांबत नाही. तरीही समोर बसलेल्यांपैकी अर्धे लोक मधूनमधून उठतात, खाज्याचा पुडा बांधून घेतात, चहा पितात, पोराला मांडीवरून खांद्यावर घेतात आणि परत येऊन शेजाऱ्याला 'राक्षस मेला काय?' असे विचारतात. 'अजून नाय' असे उत्तर मिळाले की पुन्हा रंगून जातात. कथा सर्वांना आधीच ठाऊक असल्यामुळे तासभर हुकला तरी कोणाचे काही बिघडत नाही. न थांबणारा, पण उठून गेलेल्याला शिक्षाही न करणारा असा हा खेळ आहे, आणि गेमच्या रचनेविषयी लिहिणाऱ्यांनी एकदा तरी तो जमिनीवर बसून पाहावा असे मला वाटते.

संगीत नाटकाने तर थांबवण्याचा अधिकार सरळ प्रेक्षकांच्या हाती दिला होता. पद रंगले की 'वन्समोअर'ची आरोळी उठायची, कथानक जिथल्या तिथे थबकायचे, मरणाच्या दारातला नायकसुद्धा उठून तेच पद पुन्हा गायचा आणि मग सोयीने मरायचा. ज्या मंगेशीत दीनानाथ मंगेशकरांचा जन्म झाला, तिथून रोज माझी बस जाते, आणि आमच्या आजीला त्या काळातल्या पदांविषयी बोलताना कथा कोणती होती हे आठवत नाही, पण कोणते पद किती वेळा घेतले गेले ते आठवते. याच्या अगदी उलट टोकाला इफ्फी आहे. २००४ पासून हा महोत्सव साधारणपणे नोव्हेंबरात पणजीत भरतो आणि तिथले परदेशी चित्रपट मध्यंतराविना दाखवतात. मध्यंतराच्या हिशेबानेच चहा पिणाऱ्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना तीन तास एका जागी बसणे हे एक प्रकारचे अनुष्ठानच असते. मी दरवर्षी एखादा दिवस रजा काढून जातो आणि कडेची खुर्ची पकडतो.

ओटीटीवर मात्र थांबवण्याची सोय असूनही तिचा आनंद मिळेनासा झाला आहे. आमच्या घरी रात्री एखादी मालिका लावली की आजी म्हणते, माझे गुडघ्याला तेल लावून होऊ दे, तोवर थांबव. ती आली की बाबांना फोन येतो. फोन संपला की आईला दुधाची आठवण होते. पाऊण तासाचा एक भाग पाहायला दीड तास लागतो आणि तो संपेपर्यंत खून कोणाचा झाला होता यावरच मतभेद सुरू झालेले असतात. ज्याच्या त्याच्या सोयीने थांबणारी गोष्ट कोणाचीच राहत नाही, आणि माझ्या मूळ म्हणण्याला ही बाब थोडी छेद देते, हे मान्य आहे. मात्र गेम एकट्याने खेळायचा असेल तर हा प्रश्न येत नाही.

एकट्याने खेळायच्या गेमांपैकी सध्या मी ज्याकडे वारंवार परततो तो स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चारएक वर्षे राबून तो तयार केला आणि २०१६ साली तो बाहेर आला. शहरातली कचेरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जाणाऱ्या माणसाची ही कथा आहे. त्यातला प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंतचा एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांत सरतो. रात्री अंथरुणावर पडल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही, पण हा नियम जाचत नाही, कारण चौदा मिनिटे कोणत्याही घरात चोरता येतात, आणि मध्येच हाक आलीच तर मेनू उघडून दिवस गोठवून ठेवता येतो. पार्सनिप नावाचा गाजरासारखा कंद लावला की चार दिवसांत तयार होतो. रोगराई नाही, माकडे नाहीत, आणि कावळ्यांसाठी बुजगावणे पुरते.

घरामागे खरे कुळागर असताना पडद्यावर शेती कशाला, असा प्रश्न बाबा विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मला फवारणीच्या दिवशी मिळते. पावसाळ्यात पोफळींच्या शिपुटांवर, म्हणजे घोसांवर, कोळेरोग येतो, कच्ची सुपारी झडून खाली सडा पडतो, म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि मग साधारण दीड महिन्याच्या अंतराने बोर्डो मिश्रण मारावे लागते. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, असे त्याचे प्रमाण. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत विरघळवायचे, कारण लोखंडी भांडे चालत नाही, आणि मग काठीने ढवळत एकत्र करायचे. रंग आभाळासारखा निळा उतरतो. त्यानंतर बाबा लखलखीत घासलेला कोयता त्यात बुडवतात आणि क्षणभर धरून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचुदाचा जोर अधिक आहे असे समजून आणखी चुना घालायचा. पाते स्वच्छ राहिले तर पंप लावायचा. हे मिश्रण साठवून ठेवता येत नाही, ज्या दिवशी केले त्याच दिवशी संपवावे लागते, आणि त्यासाठी पावसाने उघडीप द्यायला हवी. ढग भरून आले की पोफळीवर चढलेला माणूस वरून विचारतो, 'काय करूया?' आणि खाली आम्ही तिघे आभाळाकडे पाहत राहतो. असा दिवस काढल्यावर रात्री ज्या शेतात मेनू उघडताच पाऊससुद्धा थांबतो, तिथे चौदा मिनिटे घालवावीशी वाटणे मला मुळीच विचित्र वाटत नाही. त्याच गेममध्ये दोघांनी मिळून खेळण्याची सोय २०१८ पासून आहे, परंतु तिथे एकाने मेनू उघडला तरी दुसऱ्यासाठी दिवस चालूच राहतो, त्यामुळे ती मी वापरत नाही.

आता एवढे सगळे लिहिल्यावर, मी सध्या एल्डन रिंग खेळत आहे हे वाचून कोणी हसले तर माझा इलाज नाही. फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०२२ सालचा हा गेम, त्याआधीच्या डार्क सोल्सप्रमाणेच, थांबत नाही. मेनू उघडला तरी मागे शत्रू चालत येतच असतो. दुसरे खेळाडू तुमच्या जगात शिरून हल्ला करू शकतात, त्यामुळे जग गोठवता येत नाही, असे याचे कारण सांगितले जाते. पण इंटरनेट बंद करून एकट्याने खेळतानाही ही सवलत मिळत नाही, तेव्हा हे कारण अपुरे पडते. याच कंपनीच्या २०१९ सालच्या सेकिरोमध्ये साधे, सरळ पॉज आहे आणि त्यामुळे तो गेम तसूभरही सोपा झालेला नाही. थांबता न येण्यामुळे दरारा वाढतो असे मानणारे चाहते पुष्कळ आहेत, त्यांच्या घरी बहुधा पाडेली येत नसावा.

तरीही मी तो खेळतो, याला दोन कारणे आहेत. एक, गेममधून बाहेर पडलो तर जिथे उभा होतो तिथेच परत सुरू होतो. फक्त मोठ्या शत्रूशी लढत चालू असेल तर त्याच्या दाराबाहेर. दुसरे कारण खेळणाऱ्यांनीच शोधून काढलेले आहे. सामानाची यादी उघडायची, मदतीचे बटण दाबायचे आणि 'मेनू एक्स्प्लनेशन' हा पर्याय निवडायचा. पडद्यावर एक माहितीची चौकट येते आणि ती असेपर्यंत, एकट्याने खेळत असलात तर, सगळे जग खरोखर थांबते. गेमकर्त्यांनी पॉज दिलेलेच आहे, फक्त कोणी वाचत नाही अशा जागी ठेवले आहे. मालेनिया या त्यातल्या एका मोठ्या शत्रूशी माझी लढत त्या चौकटीच्या आधारावर चालली आहे. ती बाई आपल्याला मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर स्वतःची ताकद भरून काढते, त्यामुळे प्रकरण लांबले आहे. मेच्या अखेरीस पहिली फवारणी असते, त्याआधी ते संपवण्याचा विचार आहे, आणि नाहीच जमले तर मग थेट दसऱ्यानंतर.